ह्यो खयसून इलो? ऑफिसच्या नेटवर्कवरचं अनोळखी उपकरण ओळखताना

१८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीचा आदला दिवस. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी बोट लागली. आत माणूस नाही, पण तीन एके-४७ आणि काडतुसं. १९९३ साली ज्या शेखाडीला स्फोटकं उतरली, ती याच श्रीवर्धन तालुक्यात. लोकांच्या पोटात गोळा आला, जिल्हाभर नाकाबंदी लागली. त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात खुलासा केला: बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेची, मस्कतहून युरोपकडे निघालेली. जूनमध्ये इंजिन बंद पडलं, खलाशांना कोरियाच्या युद्धनौकेने वाचवलं आणि बोट लाटांबरोबर वाहत कोकणात आली.

मला या प्रकरणात रस आहे तो मधल्या काही तासांत. बोट घातपाताची की बिचारी भरकटलेली, हे तिच्याकडे नुसतं बघून कळत नाही. नोंदणी कुठली, मालक कोण, शेवटी कोणाच्या ताब्यात होती, इथवर आली कशी, असे एकेक धागे ओढत जावं लागतं. आणि धागा सापडेपर्यंत नाकाबंदी उठवता येत नाही.

माझा धंदा बोटींचा नाही. तळकोकणातले लहान कारखाने, पतसंस्था, लॉज यांची कॉम्प्युटर नेटवर्क मी सांभाळते. पण पेपरात कुठे हॅकिंगची बातमी आली की दुसऱ्या दिवशी मला फोन येतो, आणि प्रश्न त्या बोटीसारखाच असतो: "मॅडम, राउटरच्या यादीत एक भलतंच नाव दिसतंय. कोण असेल ते?"

आधी पत्त्यांचं समजून घेऊ

ऑफिसातले कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे, फोन एकमेकांशी आणि बाहेरच्या इंटरनेटशी ज्या वायरींनी आणि वायफायने जोडलेले असतात, ते झालं नेटवर्क. वेशीवर बसून बाहेरची ये-जा सांभाळते ती पेटी म्हणजे राउटर. आतल्या आत वायरी जोडते ती स्विच. प्रत्येक उपकरणाला इथे दोन पत्ते असतात, आणि सगळा घोळ या दोघांत गल्लत केल्याने होतो.

पहिला आयपी पत्ता. हा एसटीतला सीट नंबर समजा. उपकरण गाडीत चढलं की राउटर नावाचा कंडक्टर त्याला एक सीट देतो: १९२.१६८.१.५. उपकरण उतरलं, की ती सीट उद्या दुसऱ्याला. पाच नंबरची सीट मालवण आगाराच्या गाडीतही असते आणि चिपळूणच्याही. तसेच हे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते जगभरच्या ऑफिसांत तेच ते असतात. घरातल्या घरात वापरायला म्हणून ते आकडे १९९६ साली राखून ठेवले गेले. त्यामुळे "१९२.१६८.१.५ वर कोण होतं?" या प्रश्नाला "कधी?" असा उलट प्रश्न विचारल्याशिवाय अर्थ नाही.

दुसरा मॅक पत्ता. मालवणच्या किंवा मिरकरवाड्याच्या बंदरात उभं राहिलात की बोटीवर आयएनडी, एमएच असं लिहून पुढे रंगवलेला नोंदणी क्रमांक दिसतो. बोट कुठल्याही जेटीला लागो, नंबर तोच. मॅक पत्ता तसा. कारखान्यातून निघतानाच उपकरणावर कोरून आलेला, बारा जागांचा. शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरं एवढ्यांतूनच बनलेला. असे २८१ लाख कोटींहून जास्त पत्ते तयार होऊ शकतात. पहिल्या सहा जागा बनवणाऱ्या कंपनीच्या असतात आणि त्या आयईईई ही अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना वाटून देते. उरलेल्या सहा कंपनी आपल्या मालाला क्रमाने देते. म्हणजे नुसता पत्ता वाचून उपकरण कुठल्या कारखान्याचं ते कळायला हवं.

कळायला हवं, म्हटलं. कळतं असं नाही. त्याकडे येतेच.

अनोळखी कोण, हे ठरवणार कशावरून?

कुडाळच्या बाजूला एक आंबा-कोकम प्रक्रियेचा कारखाना आहे. मालक साठीचे, मी त्यांना काका म्हणते. तीन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी, हंगाम ऐन भरात असताना, त्यांनी मला बोलावलं. इंटरनेट मंद चालतं ही तक्रार. मी विचारलं, "काका, नेटवर्कवर एकंदर किती उपकरणं आहेत?" त्यांनी कपाटातून वही काढली. लिहिलेली होती २३. वही नीट ठेवलेली, खाली शाईच्या पेनाने सही.

मी लॅपटॉप जोडून शोध घेतला. मिळाली ४१.

आणि २३ च्या २३ त्यात होती असंही नाही. वहीतली चार उपकरणं कधीच गेलेली. एक प्रिंटर मे महिन्यातल्या विजेने जळला होता, दोन कॉम्प्युटर भंगारात दिलेले, एक जुना राउटर माळ्यावर. म्हणजे जुळली १९ आणि अनोळखी २२. काका माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत एकेका ओळीवर बोट ठेवत होते: "ह्यो खयसून इलो? आणि ह्यो?"

या विषयातली सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात कामाची गोष्ट ही यादीच आहे. लोकांना वाटतं अनोळखी उपकरण शोधायला भारी सॉफ्टवेअर लागतं. पण गणपतीत वाडीत नवा चेहरा दिसला तर म्हातारी लगेच विचारते "तू कोणाचो रे?", कारण वाडीतली घरं न् घरं तिला पाठ असतात. तिला चाकरमानी आणि चोर यांतला फरक पहिल्या नजरेत कळतो असं नाही. आपल्यातला नाही एवढं कळतं, आणि तिथून चौकशी सुरू होते.

हाक मारायची कशी

शोध घेणं म्हणजे अंधारात प्रत्येक सीटला हाक मारणं. "पाच नंबर, आहे का कोणी? सहा नंबर?" साधी हाक बरीच उपकरणं ऐकून न ऐकल्यासारखी करतात. अनेक विंडोज कॉम्प्युटर तर मुद्दाम गप्प बसतात. म्हणून दुसरी हाक असते, जिला गप्प राहून भागत नाही: "या सीटवर जो बसलाय त्याने आपला बोटीचा नंबर सांगावा." हिला एआरपी म्हणतात, १९८२ पासून चालत आलेली पद्धत. हिला उत्तर दिलं नाही तर त्या उपकरणाला शेजाऱ्याशी बोलताच येत नाही, त्यामुळे बहुतेक सगळे बोलतात. १९९७ मध्ये आलेलं एनमॅप नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे काम करतं. घरच्या घरी बघायचं तर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तीही सुरुवातीला पुरते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवायच्या. ही हाक त्याच गाडीपुरती ऐकू जाते, शेजारच्या गाडीत नाही. मोठ्या ऑफिसात नेटवर्कचे भाग पाडलेले असतील तर प्रत्येक भागात जाऊन हाक मारावी लागते. आणि झोपलेलं किंवा बंद उपकरण सापडत नाही. म्हणून मी एकदा सकाळी, एकदा पाळी बदलताना आणि एकदा रात्री शोधते. हंगामात आणि ऑगस्टमध्ये तर आकडे इतके वेगळे येतात की एकाच कारखान्याचे आहेत हे पटू नये.

एका खुणेवर विसंबायचं नाही

आता २२ अनोळखी पत्ते हातात आहेत. पहिली खूण कंपनीचं नाव. मॅकच्या पहिल्या सहा जागा यादीत शोधल्या की नाव येतं. कॅमेरे असे पटकन सापडले, सहा होते. वहीत "सीसीटीव्ही – १" असं लिहिलं होतं, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा तेवढा मोजलेला, कॅमेरे नाहीत! लेबल छापायचा प्रिंटर, यूपीएस, कॅन्टीनमधला टीव्ही हेही असेच निघाले.

पण हे नाव फसवतं. एका लॅपटॉपसमोर "होन हाय" असं नाव आलं आणि काका म्हणाले, हा चिनी कोण? होन हाय म्हणजे फॉक्सकॉन, ती दुसऱ्यांसाठी माल बनवणारी तैवानची कंपनी. लॅपटॉप भलत्याच कंपनीचा, त्यातला वायफायचा तुकडा तिचा. निघाला अकाउंटंटचा घरून आणलेला लॅपटॉप. अमूलच्या पिशवीवर गवळ्याचं नाव नसतं, इथे उलट आहे: गवळ्याचं नाव दिसतं, पिशवी कोणाची ते नाही.

दुसरी खूण दारांची. प्रत्येक उपकरणाला ६५,५३५ क्रमांकित दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि धंद्याप्रमाणे ठरावीक दारं उघडी असतात. प्रिंटर बहुधा ९१०० उघडं ठेवतो. कॅमेरा ५५४. बोटाचा ठसा घेणारी हजेरीची यंत्रं बऱ्याचदा ४३७०. विंडोज कॉम्प्युटर दुरून चालवायचा असेल तर ३३८९. गावात ज्याच्या दाराशी जाळं वाळत घातलंय त्याचा धंदा विचारावा लागत नाही, तसंच हे.

तिसरी खूण, जी मला स्वतःला फार आवडते, ती चढतानाची बोली. उपकरण राउटरकडे सीट मागतं तेव्हा बरोबर काय काय हवं त्याची यादी सांगतं: वेळ कुठून घेऊ, नावं कोणाला विचारू, वगैरे. अँड्रॉइडची मागण्याची पद्धत वेगळी, विंडोजची वेगळी, प्रिंटरची आणखी वेगळी. तोंड न बघता बोलण्याच्या हेलावरून माणूस मालवणचा की संगमेश्वरचा हे ओळखावं तसं हे ओळखता येतं. बरीच उपकरणं तेव्हा आपलं नावही सांगून टाकतात, "अमक्याचा फोन" असं सरळ.

चौथी खूण अशी की निरोपावर एक उलटी मोजणी लिहिलेली असते, वाटेत राउटर लागला की एकने कमी होणारी. विंडोज ती १२८ पासून सुरू करतं. लिनक्स, अँड्रॉइड आणि ॲपलवाले ६४ पासून. एकटी ही खूण काहीच सिद्ध करत नाही. पण स्वतःला प्रिंटर म्हणवणाऱ्याची मोजणी १२८ निघाली तर भुवई उंचावायला हरकत नाही.

आणि शेवटी, वायर. चांगल्या प्रतीचा स्विच कुठल्या खाचेतून कुठला मॅक बोलतो हे लक्षात ठेवतो. खाच कळली की वायर धरून चालत जायचं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे कमीपणाचं वाटतं, पण माझी निम्मी उपकरणं मी वायर धरून शोधलेली आहेत, कोळिष्टकं आणि पालींसकट.

"मॅक मिळाला, ओळख पटली. झालं ना?"

नाही. दोन कारणांनी.

पहिलं निरुपद्रवी आहे. २०१९ चं अँड्रॉइड १० आणि २०२० चं आयफोनचं आयओएस १४ यांपासून फोन वायफायला आपला खरा मॅक सांगतच नाहीत, बनवलेला सांगतात. हेतू चांगला: मॉलपासून स्टेशनपर्यंत तुमच्या फोनचा माग काढता येऊ नये. परिणाम असा की कंपनीचं नाव शोधायला जावं तर काहीच येत नाही आणि मालक घाबरतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. मॅकची दुसरी जागा बघा. तिथे २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता कारखान्यातला नाही, नंतर बनवलेला आहे. काकांच्या यादीत असे नऊ होते. नऊच्या नऊ फोन. वायफायचा पासवर्ड पॅकिंगच्या शेडमध्ये भिंतीवर खडूने लिहिलेला होता.

दुसरं कारण उपद्रवी. मॅक पत्ता खोटा लावता येतो, त्याला फारसं शिक्षणही लागत नाही. इथे कोकणच काय, सगळा पश्चिम किनारा एक गोष्ट विसरणार नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे आले ते 'कुबेर' या पोरबंदरच्या नोंदणीकृत मच्छीमार बोटीवरून. बोट खरी, नंबर खरा, आतली माणसं मात्र वेगळी. नेटवर्कवरही कोणी तुमच्या प्रिंटरचा मॅक लावून प्रिंटरच्या सीटवर बसू शकतो. म्हणून "यादीतलेच मॅक आत येऊ दे" एवढंच कुलूप लावलं असेल तर ते कुलूप नव्हे, दाराला बांधलेली सुतळी आहे. प्रिंटर म्हणवणारा रात्री दोन वाजता हिशेबाच्या कॉम्प्युटरची दारं ठोठावत असेल, तर त्याचा नंबर काहीही असो, तो प्रिंटर नाही. वागणुकीवर लक्ष ठेवावं लागतं ते यासाठी.

उरलेलं एक

बाविसांपैकी एकवीस सुटली. कॅमेरे सहा, फोन नऊ, प्रिंटर, यूपीएस, टीव्ही, हजेरीचं यंत्र, लॅपटॉप, आणि एक वायफाय लांबवणारी डबी. ती पॅकिंगच्या शेडमध्ये कुणीतरी आपल्या पदरच्या पैशांनी आणून लावलेली. तिला पासवर्डच नव्हता. म्हणजे कंपाउंडबाहेर रस्त्यावर रिक्षा लावून बसलेला माणूसही आत. शिवाय तिच्या मागे किती फोन दडलेत ते बाहेरून दिसत नव्हतं. राउटरला ती एकटीच दिसायची. ती मी तिथल्या तिथे उपटली. इंटरनेट मंद चालायचं एक कारणही तीच.

उरलेलं एक मात्र छळत होतं. दर दहा मिनिटांनी, दिवसरात्र, ते बाहेरच्या एका पत्त्यावर चिमूटभर माहिती पाठवायचं. कंपनीचं नाव आलं एस्प्रेसिफ. ही शांघायची चिप बनवणारी कंपनी. तिच्या स्वस्त चिपा स्मार्ट बल्बपासून पाण्याच्या टाकीच्या मीटरपर्यंत कशातही असतात, त्यामुळे या नावाने काही म्हणजे काही कळत नाही. ते मागच्या बाजूच्या वायफायच्या पेटीला जोडलेलं होतं, सिग्नल चांगला जोरदार, म्हणजे शीतगृहाच्या आसपास. मी फोन हातात धरून तिथे फेऱ्या मारल्या. क्रेट, पाइप, थंडी. दिसलं काही नाही. कामगारांना विचारलं, सुपरवायझरला विचारलं. "म्हायत नाय."

अशा वेळी शेवटचा उपाय असतो, ज्याला मी शिमग्याची बोंब म्हणते. उपकरण तोडून टाकायचं आणि कोण बोंब मारतो ते ऐकायचं. उपाय बिनचूक आहे, पण बेफिकिरीने करायचा नाही. हॉस्पिटलात, रसायनांच्या कारखान्यात, चालू यंत्रांवर तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. इथेही आत लाखोंचा माल होता. म्हणून मंगळवारी सकाळी अकराला, दोन माणसं शीतगृहाच्या काट्याच्या थर्मामीटरपाशी उभी करून, मी त्या पत्त्याची वाट राउटरवर बंद केली.

चाळीस मिनिटांनी काकांचा फोन वाजला. कोल्हापूरहून कूलिंगचा कंत्राटदार: "काका, तुमचं शीतगृह ऑफलाइन दाखवतंय. लाइट गेली का?"

त्याच्या दोन वर्षं आधी दुरुस्तीला आला तेव्हा त्याने तापमान मोजणारी एक डबी दाराच्या चौकटीवर, वरच्या अंगाला चिकटवली होती. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. पासवर्ड दिला होता नोकरी सोडून गेलेल्या सुपरवायझरने. कंत्राटदाराने काही वाईट केलं नव्हतं, तापमान वाढलं तर त्याला मेसेज जायचा, खरं तर सोयच होती. पण डबीचं पान कुणीही उघडू शकत होतं, नाव ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन, आणि तिथे आमच्या वायफायचा पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला.

"आमच्याकडे चोरूक काय आसा? आंब्याचो रस?"

काकांचा हा प्रश्न प्रत्येक लहान धंदेवाला विचारतो. उत्तर असं, की चोराला तुमचा रस नको असतो, तुमची पडवी हवी असते. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डिंगचे डबे ताब्यात घेतले. हत्यार काय? कारखान्यातून येतात तेच साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्ड, एकामागून एक लावून बघणं. त्या गोतावळ्याने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या डाइन नावाच्या कंपनीवर एकदम गर्दी केली आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स उघडेनासं झालं. त्यातल्या एकाही कॅमेऱ्याच्या मालकाकडे चोरण्यासारखं काही असायची गरज नव्हती. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या करणारे नियम काढले, ते उगाच नाही. पण ते नव्या मालाला. तुमच्या भिंतीवरचा कॅमेरा जुनाच आहे.

"मोठ्या कंपन्यांना हे सगळं जमत असेल"

नासापेक्षा मोठं कोण? तिच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत २०१८ मध्ये चोरी उघडकीला आली. नासाच्याच महानिरीक्षकांनी जून २०१९ च्या अहवालात सांगितलं, की चोर आत शिरला परवानगीशिवाय जोडलेल्या एका रास्पबेरी पाय मधून. हा खेळायच्या पत्त्यांच्या कॅटएवढा, काही हजारांत मिळणारा कॉम्प्युटर. सुमारे १० महिने कोणाला पत्ता नव्हता, आणि एका महत्त्वाच्या यंत्रणेतून ५०० एमबीच्या आसपास माहिती गेली. अहवालातलं मला भिडलेलं वाक्य वेगळंच होतं: उपकरणांची नोंद ठेवायची व्यवस्था तिथे होती, पण ती अपुरी भरलेली. काकांची वहीच ती, फक्त मोठी.

"वायफायला पासवर्ड आहे, अँटिव्हायरस आहे, मग?"

पासवर्ड दाराला आहे, पण तो कोणाकोणाला सांगितला याचा हिशेब कुठे आहे? अँटिव्हायरस कॉम्प्युटरात बसतो. कॅमेऱ्यात, तापमानाच्या डबीत, टीव्हीत तो बसवताच येत नाही. नेमकी तीच उपकरणं यादीबाहेर राहतात.

"मग यादीबाहेरचं सगळं तोडून टाकू"

आणि पुढच्या आठवड्यात लेबलं छापणं बंद पडलं की मला शिव्या द्या. कोकणातल्या घराची रचना आठवा. पाहुणा खळ्यात येतो, पडवीत बसतो, चहा घेतो. माजघरात ओळखीचाच जातो, देवघरात त्याहून थोडे. पाहुणा अनोळखी आहे म्हणून कोणी त्याला खळ्यातून हाकलत नाही, पण फडताळाच्या चाव्याही देत नाही. नेटवर्कचे असेच वेगळे भाग पाडता येतात, त्याला व्हीलॅन म्हणतात. फोन आणि पाहुणे एका भागात, कॅमेरे दुसऱ्यात, हिशेबाचे कॉम्प्युटर तिसऱ्यात. लहान ऑफिसला एवढंही नको असेल तर राउटरवरचं गेस्ट वायफाय चालू करा, पाच मिनिटांचं काम. मोठ्या ठिकाणी दाराशीच ओळखपत्र मागणारी ८०२.१एक्स नावाची पद्धत लावतात, त्यात नुसत्या नंबरवर कोणी आत येत नाही. ती उत्तम आहे आणि सांभाळायला कटकटीची आहे. बारा माणसांच्या कारखान्याला मी ती सुचवणार नाही.

"म्हणजे कामगारांच्या फोनवर पाळत?"

हा आक्षेप मला सगळ्यात रास्त वाटतो. उपकरण जोडलंय हे कळणं आणि त्यातले मेसेज वाचणं या वेगळ्या गोष्टी. व्हॉट्सॲपचा मजकूर कुलूपबंदच जातो. पण कुठल्या वेबसाइटकडे फोन गेला, किती वाजता जागा होता, एवढं नेटवर्कवाल्याला बऱ्यापैकी दिसू शकतं, आणि "अमकीचा फोन" अशा नावातून माणूसही. तेव्हा काय बघतो आणि काय नाही हे आधी सांगावं, भिंतीवर लावावं. आम्ही पॅकिंगच्या शेडमध्ये खडूचा पासवर्ड पुसून तिथे हेच लिहिलं. फोन गेस्ट वायफायवर गेले, आणि त्यांची नावं मी वहीत घेतली नाहीत.

खरंच चोर निघाला तर

उपकरण लगेच उचलून फेकू नका. वाट बंद करा, चालूच असू द्या, फोटो काढा, कुठल्या खाचेत होतं ते लिहा. बंद केलं तर त्याच्या आठवणीतला पुरावा जातो. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि नोंदी १८० दिवस जपायच्या. "आम्ही लहान, आम्हाला लागू नाही" असं अनेकांना वाटतं. लहान उद्योगांना तेव्हा मिळाली ती फक्त सप्टेंबर २०२२ पर्यंतची मुदतवाढ. आणि नोंदींचं घड्याळ तपासून ठेवा. काकांचा रेकॉर्डिंगचा डबा लाइट गेली की १ जानेवारी २००० ला परत जायचा. अशा नोंदी असून काय उपयोग?

काकांची वही आता तीच आहे, फक्त रकाने वाढलेत: काय, कुठे, कोणी लावलं, कोणाला विचारायचं, शेवटचं कधी पाहिलं. वर्षातून दोनदा, हंगामाच्या आधी मार्चमध्ये आणि गणपतीनंतर, आम्ही दोघं चहा पीत ती जुळवतो. एकेचाळिसाव्या ओळीवर लिहिलंय: शीतगृह, दाराच्या वर, कोल्हापूरवाला, पासवर्ड बदलला. गेल्या मार्चमध्ये एक नवा पत्ता निघाला. दिवसातून दोनदा बोलतो, सकाळी सहाला आणि संध्याकाळी. काकांच्या मते तो विहिरीवरच्या पंपाचा असावा, मला खात्री नाही. सध्या तो पडवीत बसवलाय, आणि वहीत त्याच्यापुढे पेन्सिलीने "पंप?" एवढंच आहे.